प्रॉस्पेक्टस नको, टाइमटेबल माग

पत्र

ताई, नमस्कार. मी नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यातली. यंदा बारावी सायन्स झाली, बायोलॉजीत सगळ्यात जास्त मार्क आहेत. मला झाडांचं वेड आहे. बांधावरच्या तणांची वही केली आहे, तिची चार पानं सोबत पाठवते. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाला होता. आणि आमच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीतल्या गावजत्रेच्या, नाटकाचे दोन प्रवेश मागच्या वर्षी मीच लिहिले, ते लोकांना आवडले. बाबा म्हणतात बीएस्सी ॲग्री कर, मामा म्हणतो नर्सिंग, ड्रॉइंगचे सर म्हणतात पुण्याला जा. मला सगळंच पाहिजे. हे तिन्ही करता येईल असं एखादं कॉलेज आहे का? की एक धरून बाकीचं सोडावंच लागतं? घरी चार एकर धान आहे, आम्ही ओबीसी आहोत, त्यामुळे खर्चाचंही सांगा. आणि एक : दिवाळीपासून वडशाच्या एका नाटक कंपनीत कामाला बोलावलं आहे. बाबा नाही म्हणतात. जाऊ का?
– बांधावरची

उत्तर

प्रिय बांधावरची,

पत्राच्या आधी वहीची पानं पाहिली. तरोट्याच्या पानावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, त्या तू मोजून काढल्यास आणि शेजारी तेच पान संध्याकाळी मिटलेलं दाखवलंस. केन्याच्या निळ्या फुलाखाली ‘सकाळी साडेसात’ अशी वेळ टाकलीस, कारण दुपार व्हायच्या आत ते मिटून जातं. हे तुला कोणी शिकवलं नसावं. बीएस्सीची कितीतरी मुलं झाड समोर ठेवलेलं असतानाही जर्नलात गाइडमधलीच आकृती उतरवतात.

तू तीन आवडी म्हणतेस, मला त्या तीन दिसत नाहीत. झाडं आणि चित्रं तुझ्या वहीत एकाच पानावर आहेत आणि त्यांना वेगळं करायचं काही कारण नाही. नव्या वनस्पतीचं वर्णन छापताना आजही फोटोबरोबर रेषाचित्र देतात, कारण देठावरची लव, पानाच्या शिरा, फुलाच्या आतले भाग फोटोत हवे तसे दिसत नाहीत. नीट पाहणं हेच दोन्हीकडचं मूळ काम आहे. तुझ्याच तालुक्यातल्या नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडेंचं नाव तू ऐकलंच असशील. तिसरीपर्यंत शिकलेल्या या माणसाने १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पटेल-३ जातीच्या पिकात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या. पुढची काही वर्षं निवड करत करत त्यातून एचएमटी वाण काढला. आज आपण सगळे तो भात खातो. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पण बांधीत उभं राहून फरक ओळखणारी नजर होती.

नाटक मात्र खरंच वेगळं आहे. त्याला वेगळी माणसं लागतात आणि मुख्य म्हणजे दिवसाचा वेगळा वेळ लागतो. त्यामुळे तिन्ही शिकवणारं कॉलेज शोधायच्या मागे लागू नकोस. वनस्पतीशास्त्र मन लावून शिकवणारं, आणि संध्याकाळी पाचनंतर तुला मोकळं सोडणारं कॉलेज शोध. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

आता ‘नवीन धोरणात काहीही घेता येतं’ असं तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून ते आधी उलगडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांत पदवीची रचना बदलली. एक विषय मेजर म्हणजे मुख्य, त्याला जोडीला मायनर म्हणजे दुय्यम, शिवाय ओपन इलेक्टिव्ह. ओपन इलेक्टिव्ह स्वतःच्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो, मायनरही दुसऱ्या शाखेतला असू शकतो. तीन वर्षांत पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. म्हणजे मेजर वनस्पतीशास्त्र आणि मायनर मराठी, ही जोडी नियमात बसते. पण कॉलेजात बसेलच असं नाही. मायनरमध्ये काय द्यायचं हे कॉलेज ठरवतं, आणि ते त्याच्याकडे शिक्षक कोण आहेत यावर अवलंबून असतं. नुसती विज्ञान शाखा असलेल्या कॉलेजात मराठीचा किंवा इतिहासाचा पूर्ण विभाग सापडणं कठीण. तिथे मायनर म्हणून रसायनशास्त्र नाहीतर प्राणीशास्त्रच पुढे येणार, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणून कोणीतरी कसंबसं भरून काढलेला पेपर. म्हणून तुझ्यासाठी माझी पहिली अट अशी, की कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा एकाच आवारात असलेलं कॉलेज आधी बघायचं.

दुसरी अट पाहायला तुला स्वतःला जावं लागेल. प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नकोस, त्या दिवशी सगळीच कॉलेजं मांडव घातल्यासारखी दिसतात. सेकंड इयरचे वर्ग सुरू झाले की मधल्या एखाद्या वारी दुपारी जा, सोबत बाबांना ने. ऑफिसात माहितीपुस्तिका देतील ती घे, पण विभागात जाऊन दुसऱ्या वर्षाचं टाइमटेबल माग. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, आठवड्यातून किती दिवस असतं, हे वहीत उतरवून घे. विज्ञानाच्या मुलामुलींचं नाटक सुटतं ते आवड कमी पडते म्हणून नाही. तालमीच्या वेळी ती प्रॅक्टिकलला असतात, आणि प्रॅक्टिकल सुटल्यावर शेवटची एसटी पकडायची असते.

मग शिक्षक. पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारायला लाजू नकोस. अनुदानित कॉलेजांतून मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि कारभार तासिकेवरच्या लोकांवर चालला आहे. त्यांच्यातले कितीतरी जण जीव ओतून शिकवतात, दोष त्यांचा नाही. पण ज्याला तासावर पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याने तुला घेऊन घोडाझरीच्या जंगलात चार दिवस फिरावं ही अपेक्षा चुकीची आहे.

विभागात असतानाच हर्बेरियमचं कपाट उघडून दाखवायला सांग. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून ठेवलेली असतात आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते : झाडाचं नाव, जागा, तारीख, कोणी गोळा केलं. वरचे पाच-सहा कागद पाहा. तारखा गेल्या दोन-तीन वर्षांतल्या असतील आणि गोळा करणाऱ्यांत विद्यार्थ्यांची नावं असतील, तर तो विभाग जिवंत आहे. सगळ्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या आणि एकाच निवृत्त सरांच्या अक्षरातल्या असतील, किंवा किल्लीच सापडत नसेल, तर काय समजायचं ते तुला कळेल. नॅकने, म्हणजे कॉलेजं तपासणाऱ्या संस्थेने, दिलेला दर्जा फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, तोही पाहावा. पण माझा विश्वास त्या कपाटावर जास्त.

नाटकाचं विचारायचं ते मुलांना. युवा महोत्सवाला कॉलेजची एकांकिका गेल्या वर्षी गेली होती का, बसवली कोणी, संहिता कुणाची होती. ‘बाहेरून दिग्दर्शक बोलावला आणि आठ दिवसांत बसवली’ असं उत्तर आलं तर तिथे लिहिणारीला वाव कमी. आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, तालमीसाठी लेखी परवानगी मिळते का, हे वॉर्डनकडूनच ऐक. आठला फाटक बंद होणार असेल तर बाकीचं सगळं उत्तम असूनही उपयोग नाही.

आता नावं घेऊनच बोलते.

सगळ्यात जवळ ब्रह्मपुरी. तिथल्या नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयात कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा आहेत, आणि गोंडवाना विद्यापीठाखाली येत असल्याने परीक्षा, कागदपत्रं सगळं आपल्याच भागात. राहायचा खर्च वाचतो, वडसा पलीकडेच आहे, नाटकवाल्या माणसांच्या तू मधोमध असशील. ‘गावाजवळचं म्हणजे कमी दर्जाचं’ हा समज आधी डोक्यातून काढ. तोटा असा की तू घरी राहशील, आणि घरी राहणारी मुलगी रोवणीत, कापणीत, पाहुण्यारावळ्यांत आपोआप धरली जाते. जवळचं निवडलंस तर अभ्यासाच्या तासांचं घरच्यांशी आधीच बोलून ठेव.

नागपूर पुढचा टप्पा, भिवापूर-उमरेडवरून एसटीने. शासकीय विज्ञान संस्था वनस्पतीशास्त्रासाठी चांगली, शुल्कही सरकारी, पण ती नावाप्रमाणे विज्ञानाचीच. १८८३ पासून चालत आलेल्या हिस्लॉपमध्ये कला आणि विज्ञान दोन्ही मिळतात. शहराचा फायदा कॉलेजच्या बाहेर जास्त आहे : हौशी नाटकवाले, ग्रंथालयं, शासकीय चित्रकला महाविद्यालयाची प्रदर्शनं, महाराजबाग. रविवारी वही घेऊन महाराजबागेत बसायला तुला कोणाची परवानगी लागणार नाही.

अमरावती लांब पडेल, तरी यादीत ठेवच. तिथली शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ ची, आधी तिचं नाव किंग एडवर्ड कॉलेज होतं. कला आणि विज्ञान एकाच आवारात, शुल्क सरकारी, आवार मोठं आणि झाडांनी भरलेलं. तुझ्या पत्रातली गरज मी शब्दशः धरली तर विदर्भात तिला सगळ्यात जवळ जाणारी जागा मला हीच वाटते. वनस्पतीशास्त्राला मराठी मायनर म्हणून या वर्षी देतात का, ते मात्र तिथे विचारूनच ठरव.

ड्रॉइंगच्या सरांचं पुणं. सर चुकीचं सांगत नाहीत. फर्ग्युसनसारखी कॉलेजं आहेत, पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा आहे, विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. पण पुण्यात खोली, मेस आणि बसपास यांचा दरमहा खर्च कॉलेजच्या फीला केव्हाच मागे टाकतो, आणि तो भागवायला मुलं संध्याकाळी काम धरतात. ज्या संध्याकाळसाठी पुण्याला जायचं तीच विकावी लागते. वसतिगृह मिळत असेल तरच जा. नाहीतर एमएस्सीला जा, तेव्हा काय पाहिजे ते तुला जास्त स्पष्ट झालेलं असेल. ‘लिबरल आर्ट्स’ नावाने सगळे विषय मिसळून देणारी खासगी विद्यापीठंही आहेत, जाहिराती तू पाहिल्या असशील. त्यांची फी लाखांत असते. त्यातल्या त्यात बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घरची परिस्थिती पाहून मोठी आर्थिक मदत देतं आणि तिथे जीवशास्त्राची पदवीही आहे. शिकवणं इंग्रजीतून आणि प्रवेश परीक्षा वेगळी. पुढच्या वर्षीसाठी माहीत असू दे. चित्रकलेचीच पदवी घ्यावी का, हे तू विचारलं नाहीस आणि मीही सुचवणार नाही. तुझी रेघ झाडाच्या मागे जाते, तिला तिथेच राहू दे.

बाबांच्या ॲग्रीबद्दल तुला वाटतं मी तुझ्या बाजूने बोलेन. सीईटी दिली असशील आणि पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या अकोला किंवा नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला, तर मी बाबांच्या बाजूची आहे. त्या चार वर्षांत वनस्पती प्रजनन, रोगशास्त्र, तणशास्त्र असं सगळं येतं. तणांची वही करणारीला तण हा अख्खा विषय मिळतो. तिथेही युवक महोत्सव होतात. दिवस गच्च असतो आणि दुसऱ्या शाखेतला मायनर वगैरे विसर, हे खरं. पण शिक्षक असतात, शेत असतं, आणि शेवटच्या वर्षी गावात राहून काम करावं लागतं. नुकतंच उघडलेलं, शेताच्या नावाने पडीक जमीन दाखवणारं खासगी कृषी कॉलेज असेल, तर त्यापेक्षा ब्रह्मपुरीची बीएस्सी कितीतरी बरी. मामांचं नर्सिंग मला कुठेच बसताना दिसत नाही. ते काम मनापासून हवं असणाऱ्यांनीच करावं.

बाबांचा खरा प्रश्न ‘पुढे नोकरी काय’ हा असणार. नुसत्या बीएस्सी बॉटनीवर नोकरी लागत नाही, हे आपण कबूल करू. पण एमपीएससीची वनसेवा परीक्षा या पदवीवर देता येते, सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल त्यातूनच होतात. जंगलाच्या जिल्ह्यातल्या मुलीने हे ध्यानात ठेवावं, वन अकादमीसुद्धा चंद्रपूरलाच आहे. एमएस्सी आणि नेट-सेट करून शिकवण्याचा, किंवा बीएड करून शाळेचा रस्ता आहेच, फक्त लांब आहे. बाबांना हे तू तोंडी सांगू नकोस, जाहिरातीची पात्रता छापून त्यांच्या हातात दे. कागदाशी वडील कमी भांडतात.

पैशांचं. मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी झाली असं गावात सगळे म्हणतात, त्यात एक मेख आहे. २०२४-२५ पासूनची ती माफी केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींसाठी. साधी बीएस्सी त्यात धरू नकोस. तिच्यासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून ओबीसीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती भर. सरकारी कॉलेजची फी तशीही डोईजड नाही, खरा खर्च राहण्या-जेवणाचा. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी ओबीसी मुलामुलींची शासकीय वसतिगृहं आता सुरू झाली आहेत, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. दोन्हींचे अर्ज प्रवेशानंतर लगेच सुटतात आणि जागा मोजक्या असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल यांसाठी तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात या आठवड्यातच जा. जात वैधता काढली नसशील तर तो अर्जही आताच टाक. चंद्रपूरच्या समितीकडे आजोबांच्या काळातला पुरावा मागतात, आणि तो शोधण्यातच पावसाळा निघून जातो.

बीएस्सीसोबत मुक्त विद्यापीठातून मराठीची पदवी करू का, असंही पुढे तुझ्या मनात येईल. यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. पहिल्या वर्षी नको. नियम परवानगी देतो म्हणून दोन ठिकाणच्या परीक्षा अंगावर घेऊ नयेत. वाचायचं ते पदवीशिवायही वाचता येतं.

आता कंपनीचं. झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक करणं म्हणजे वाया जाणं, असं बाबांना वाटत असेल तर ते मला मान्य नाही. आपल्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे त्यांना सांग. पण या वर्षी फिरतीवर जाऊ नकोस, आणि याचं कारण साधं वेळापत्रकाचं आहे. तुमचा सीझन दिवाळी ते होळी, आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा नेमक्या त्यातच येतात. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे सुटतं, दुसऱ्या रात्री शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, दुसरं गाव. पहिल्या सेमिस्टरलाच विषय राहिले तर बाबांना तुझं काहीच ऐकायची गरज उरणार नाही.

तू लिहितेस, अभिनयाचा हट्ट पत्रात कुठे दिसला नाही. मग लिहायचंच काम माग. नवीन नाटक दिवाळीआधी बसवायचं तर संहिता पावसाळ्यात हातात लागते, आणि ते दिवस कॉलेजच्या सुरुवातीचे, त्यामानाने सैल असतात. बोलावणं देणाऱ्यांना सांग, यंदा काम नाही, पण ऑगस्टपर्यंत एक अंक लिहून दाखवते. त्यांना पटलं तर त्यांच्या तालमीला दोन-तीन रविवार बस, तुझं वाक्य नटाच्या तोंडात कुठे अडतं ते तिथेच कळेल. मंडईचं गावचं नाटक दिवाळीच्या सुट्टीत येतं, ते तर कर आणि या वेळी दोन प्रवेशांवर थांबू नकोस. मात्र कंपनीने संहिता घ्यायची ठरवली, तर पोस्टरवर लेखिका म्हणून तुझं नाव येणार का आणि प्रयोगामागे किती पैसे मिळणार, हे वही हातातून सोडण्याआधी लिहून, सही करून घे. त्या वेळी बाबांना सोबत ने.

तुझी,
ताई